बोटीचा पिकअप वाढवायचाय? आधी पंखा बघा, मग एचपी

अठरा फुटी फायबरची बोट, मागे ४० एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे पिछाडीला बाहेरून टांगलेलं इंजिन. दोघंजण असले की मस्त पळते. सहा जण बसले की नाळ (पुढचं टोक) आभाळाकडे, पिछाडी खाली, इंजिन ओरडतंय आणि बोट मात्र पाणी ढकलत बसलीये. वर उचलतच नाही. मालवण-तारकर्लीपासून गोव्यापर्यंत पर्यटक, डायव्हिंग किंवा गळाच्या मासेमारीसाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या बोटींची ही नेहमीची तक्रार, आणि मालकाच्या मनात येणारा पहिला उपायही ठरलेला: ६० चं मशीन घेऊ.

कधीकधी तो उपाय बरोबरही असतो. पण मोठं इंजिन हा यातला सगळ्यात महाग उपाय आहे, आणि त्याआधीचे दोन-तीन स्वस्त उपाय केले नसतील तर मोठं इंजिनही तेच रडगाणं गातं.

सगळ्यात आधी बोटीचा तळ ओळखा. पाणी कापत, पाण्यात बसून चालणारी बोट (जुने मचवे, लाकडी होड्या, ट्रॉलर) आणि वेग घेतल्यावर पाण्याच्या वर उचलून घसरत जाणारी बोट, या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिल्या जातीच्या वेगाला तिच्या लांबीचीच मर्यादा असते. पाण्यात बसणारी लांबी फुटांत मोजा, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा: साधारण तेवढे नॉट (ताशी सागरी मैल). २० फुटांना हा आकडा ६ नॉटच्या आसपास येतो. त्यापुढे कितीही एचपी लावलेत तरी बोट स्वतःनेच उठवलेल्या लाटेवर चढायचा प्रयत्न करत राहते आणि डिझेल जळतं. अशा बोटीला जोर हवा असेल, म्हणजे जाळं ओढायला किंवा ओहोटीविरुद्ध खाडीत शिरायला, तर गिअरबॉक्सचं रिडक्शन वाढवून मोठ्या व्यासाचा, हळू फिरणारा पंखा (प्रोपेलर) लावणं हा खरा उपाय. तो स्वतंत्र विषय आहे. इथून पुढचं सगळं उचलणाऱ्या तळाच्या, आउटबोर्डवाल्या बोटींबद्दल.

उचलणाऱ्या बोटीसाठी एक ढोबळ हिशोब कामाचा आहे. माणसं, तेल, इंजिन, नांगर, सगळं धरून बोटीचं एकूण वजन किलोत काढा आणि एचपीने भागा. येणाऱ्या आकड्याच्या वर्गमूळाने १०० ला भागलं की साधारण नॉटमधला कमाल वेग मिळतो. तळाच्या आकारानुसार थोडं पुढेमागे होतं, पण तुलना करायला हे पुरतं.

आपल्या उदाहरणात आकडे घालू. मोकळी बोट ३५० किलो, ४० एचपी टू-स्ट्रोक सुमारे ७५, ५० लिटर पेट्रोल ३७, नांगर-दोर-लाइफ जॅकेट वगैरे ४०, आणि सहा माणसं ४२०. एकूण ९२२ किलो. एचपीमागे २३ किलो, वेग २१ नॉटच्या जवळपास. आता ६० एचपीचं फोर-स्ट्रोक लावा. ते सुमारे ११३ किलोचं, म्हणजे एकूण ९६० किलो. एचपीमागे १६ किलो, वेग २५ नॉट. दीडपट ताकद लावून वेग वाढला वीस टक्के. आणि ४० चंच इंजिन ठेवून दोन माणसं कमी केली तर? ७८२ किलो, वेग साडेबावीसच्या वर. मोठ्या इंजिनाने मिळणारा फायदा ४ नॉटांचा, त्यातला पावणेदोन नॉटांचा वाटा निव्वळ १४० किलो उतरवून मिळाला.

पिकअपच्या बाबतीत मात्र मोठं इंजिन जास्त मोलाचं ठरतं, कारण खरी झुंज कमाल वेगाला नसते, ती बोट उचलण्याच्या त्या काही सेकंदांत असते. एचपीमागे २५ किलोच्या पुढे गेलात की उचलणं जड जातं. १५ ते १८ च्या आत असाल आणि तरीही बोट उचलत नसेल, तर दोष एचपीचा नाही, तो दुसरीकडे शोधायला हवा.

शोधायची सुरुवात जुन्या इंजिनापासून करा. ४० एचपीचं स्टिकर असलेल्या इंजिनातून आज ४० एचपी निघतात का? इंजिन बंद ठेवा, किल स्विचची (इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप काढा, कव्हर उघडा. एकाने पंखा हाताने फिरवत राहायचं म्हणजे गिअर पडतो, दुसऱ्याने लिव्हर पूर्ण पुढे करायचा. आता कार्ब्युरेटरचा थ्रॉटल (हवा-पेट्रोल आत सोडणारी झडप) शेवटच्या टोकाला, स्टॉपला टेकतोय का ते डोळ्याने बघा. केबल ताणली गेली किंवा गंजली की हा थ्रॉटल पाऊणच उघडतो, आणि मालक वर्षभर म्हणत राहतो की मशीन म्हातारं झालं. दहा मिनिटांचं काम आहे, पण फार कमी जण करतात.

त्यानंतर इंजिन गरम असताना सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती आहे ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर रिंग, पिस्टन किंवा गॅस्केटचं काम आहे. त्या इंजिनावर नवा पंखा घेणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

बोट वर ओढली की तळावर हात फिरवा. शेवाळ आणि शिंपल्यांचा पातळ थरसुद्धा उचलण्याच्या वेळी ब्रेकसारखा काम करतो. जुन्या फायबरच्या बोटीत दोन तळांमधला फोम पाणी पितो. दरवर्षी बोट ओढायला एक माणूस जास्त लागत असेल तर संशय घ्या आणि जमलं तर वजनकाट्यावर घाला.

आता पंखा. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ११ × १३. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा लोण्यातून स्क्रूसारखा गेला असता तर एका फेरीत किती इंच पुढे सरकला असता. कमी पिच म्हणजे जोर आणि पिकअप, जास्त पिच म्हणजे वरचा वेग, पण इंजिनावर ओझं.

योग्य पिच ठरवायची पद्धत एकच: नेहमीचं वजन भरून, पूर्ण थ्रॉटल देऊन, आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या) किती जातात ते बघा. प्रत्येक इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण थ्रॉटलचा पट्टा दिलेला असतो. टू-स्ट्रोकना बऱ्याचदा ४५०० ते ५५००, फोर-स्ट्रोकना ५००० ते ६००० किंवा त्याहून थोडा वर. भरलेल्या बोटीत आरपीएम या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात बसले पाहिजेत. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

समजा ६० एचपीचं इंजिन आहे, पट्टा ५००० ते ६०००, आणि दुकानदाराने सोबत १३ पिचचा पंखा दिलाय. सहा जण बसवून पूर्ण थ्रॉटल दिला तर आरपीएम ५१०० वर अडकतात. पट्ट्यात आहे म्हणून खूश होऊ नका. हे तळाला टेकलेलं आहे, थोडा उलटा वारा किंवा सातवा माणूस आला की ५००० च्या खाली जाईल. पिच ११ केला की ५५०० च्या आसपास मिळतील, आणि बोट उचलायला लागणारा वेळ चटकन जाणवेल इतका कमी होईल.

आरपीएम गाठू न शकणारं इंजिन नुसतं सुस्त नसतं, ते आतून मार खात असतं. गाडीच्या इंजिनाला उतार आहे, सिग्नल आहे, सपाट रस्त्यावर पाय काढायची सोय आहे. बोटीचं इंजिन मात्र कायम घाट चढत असतं. त्यात टॉपमध्ये चढवल्यासारखा जास्त पिचचा पंखा लावला की सिलिंडरमधलं तापमान वाढतं, नॉकिंग सुरू होतं, आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. उलट बाजूला, फार कमी पिच लावला तर आरपीएम पट्ट्याच्या वर जातात. नव्या इंजिनात लिमिटर इंजिन अडवतो, जुन्या टू-स्ट्रोकमध्ये अडवणारं कोणी नसतं. म्हणून शेवटची चाचणी एकट्याने, मोकळ्या बोटीतही करून बघा.

पंखा पाण्याला किती धरतोय हेही मोजता येतं. आरपीएमला गिअर रेशोने (पंख्याच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या) भागा, पिचने गुणा, १२१५ ने भागा. हा घसरण नसतानाचा, कागदावरचा वेग नॉटमध्ये. ५५०० आरपीएम, रेशो १.८५, पिच ११ असेल तर उत्तर येतं जवळपास २७. मोबाइलच्या जीपीएसवर प्रत्यक्ष वेग २४ दिसला तर घसरण ११ टक्के. उचलणाऱ्या बोटीला १० ते २० टक्के घसरण नॉर्मल आहे. ३० च्या जवळ गेली तर पंखा मार खाल्लेला आहे, इंजिन फार वर बसवलंय किंवा तळ खराब आहे. वेग मोजताना एकाच टप्प्यात जाऊन-येऊन दोनदा मोजा आणि सरासरी घ्या. खाडीच्या मुखाशी भरती-ओहोटीचा प्रवाहच दोन-तीन नॉट खाऊन टाकतो किंवा फुकट देतो.

तीन पात्यांचा की चार? प्रवासी भरून वारंवार थांबणं-सुटणं असेल, बनाना राइड ओढायची असेल, तर चार पाती. बोट लवकर उचलते, कमी वेगातही वर टिकते, वळणावर पाणी सोडत नाही. वरचा वेग किंचित जातो आणि त्याच पिचला आरपीएम ५० ते १०० कमी येतात, म्हणून पिच एक इंच उतरवून घ्यावा. लांब पल्ल्याला मासे मारायला जाणाऱ्याला तीन पाती पुरतात. स्टीलचा पंखा अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कमी वाकतो आणि पाणी चांगलं धरतो, पण खडकाळ किनाऱ्यावर अ‍ॅल्युमिनियमच बरा असं आमचं मत आहे. तो स्वतः मोडतो आणि गिअर वाचवतो.

एक फसवा बिघाड लक्षात ठेवा. पंख्याच्या मधोमध रबराचा हब असतो. तो आतून सुटला की हळू चालवताना सगळं ठीक वाटतं, जोर दिला की आरपीएम वर जातात आणि बोट जागेवर. लोक क्लच गेला म्हणतात, आउटबोर्डमध्ये तसा क्लच नसतोच. पंखा काढा, आतल्या पितळी बुशवर आणि बाहेरच्या भागावर मिळून पेंट मार्करने एक सरळ रेघ मारा, परत लावा, एक फेरी मारून या. रेघ दोन ठिकाणी तुटलेली दिसली की निदान झालं.

एवढं करूनही ताकद कमी पडत असेल, तेव्हा इंजिनाकडे वळा. इथे एक मोह असतो. अनेक कंपन्यांची ९.९ आणि १५ एचपीची टू-स्ट्रोक इंजिनं एकाच ब्लॉकवर बनतात, फरक कार्ब्युरेटर वगैरेंचा असतो. काही फोर-स्ट्रोकमध्ये तर वेगवेगळ्या एचपीच्या मॉडेलांतला बराचसा फरक कॉम्प्युटरमध्ये असतो. म्हणून पार्ट बदलून किंवा मॅपिंग करून एचपी वाढवून देणारे भेटतात. होतं ते, पण वॉरंटी जाते, कागदावरचा एचपी खोटा ठरतो आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. हेड घासणं, पोर्ट मोठे करणं हे तर प्रवासी बोटीवर करूच नये. तासन् तास ओझ्याखाली चालणाऱ्या इंजिनात ती उधारी फार लवकर फेडावी लागते.

किती मोठं इंजिन चालेल? बोटीवर बिल्डरची प्लेट असेल तर कमाल एचपी तिथेच लिहिलेला असतो, त्याच्या वर जाऊ नका. आपल्याकडच्या गावात बांधलेल्या बोटींवर प्लेट क्वचितच असते. अमेरिकेत २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटींसाठी एक नियम आहे, तो अंदाजाला वापरता येतो: लांबी गुणिले पिछाडीची रुंदी, दोन्ही फुटांत. स्टिअरिंग व्हील असेल आणि ट्रान्सम (इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं ती) किमान २० इंच उंच असेल तर येणाऱ्या आकड्याची दुप्पट करून ९० वजा करा. हँडलने चालवायची बोट असेल तर गोल किंवा व्ही तळाला त्या आकड्याच्या ०.८ पटीतून २५ वजा, आणि सपाट, धारदार कडेच्या तळाला निम्म्यातून १५ वजा. १८ फूट लांब, ५.५ फूट रुंद बोटीला गुणाकार येतो ९९. व्हीलवर १०८, हँडलवर फक्त ५४. एकाच बोटीला निम्मा आकडा का, तर ६० चं इंजिन हँडलने सांभाळताना हात सुटला तर बोट जागीच गरकन वळते आणि माणूस बाहेर फेकला जातो.

बऱ्याच बोटींत ट्रान्सम ही फायबरमध्ये गुंडाळलेली प्लायवुड असते. जुन्या बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ती आतून कुजते आणि बाहेरचा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) चकचकीत राहतो. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. घट्ट आवाजाऐवजी बद्द आवाज आला तिथे संशय. मग इंजिन अर्धं वर करून, खालच्या टोकाला हाताने दाबून सोडा आणि कोणाला तरी फळीकडे बघायला सांगा. फळी हलताना दिसली तर नवं इंजिन दुकानातच राहू द्या. आधी फळी बदला.

तरंगत्या बोटीतही एक चाचणी घ्या. नव्या इंजिनाचं वजन जुन्यापेक्षा ३८ किलो जास्त असेल तर तेवढ्या वजनाची वाळूची गोणी ट्रान्समशी ठेवा, दोघांना मागे बसवा आणि पाणी कुठवर येतं ते बघा. पाणी बाहेर जायची मागची भोकं पाण्याखाली गेली तर बोट रात्रभर नांगरावर हळूहळू भरेल. आणि जोरात असताना एकदम थ्रॉटल सोडला की मागून आलेली स्वतःचीच लाट ट्रान्समवरून आत येईल. बॅटरी आणि पेट्रोलचे कॅन पुढे सरकवून बराच तोल परत मिळतो.

बसवताना सगळा खेळ उंचीचा आहे. इंजिनाचा पाय १५, २० किंवा २५ इंचांचा येतो, तो ट्रान्समच्या उंचीशी जुळला पाहिजे. पंख्याच्या वर जी आडवी सपाट पट्टी असते ती तळाच्या सगळ्यात खालच्या रेषेत, किंवा फार तर इंचभर वर यावी. पट्टी खाली राहिली तर पाय उगाच पाणी ओढतो, वेग जातो, अंगावर तुषार येतात. फार वर गेली तर वळताना पंखा हवा ओढतो, आरपीएम एकदम चढतात आणि पकड सुटते. ब्रॅकेटवर साधारण पाऊण-पाऊण इंचावर भोकं असतात. आधी खालच्या भोकात बसवा, पाण्यात चालवा, मग एकेक भोक वर घेत जा. वळणावर हवा ओढायला लागला की एक भोक परत खाली, तिथेच कायम करा.

या आकाराच्या इंजिनाला नुसते हाताने आवळायचे क्लॅम्प पुरत नाहीत. ३१६ स्टीलचे अर्धा इंची चार बोल्ट आरपार, आतून मोठे वॉशर, नायलॉक नट. प्रत्येक भोकाच्या आत आधी इपॉक्सी फिरवून सुकू द्या, मग पॉलियुरेथेन सीलंट भरून बोल्ट घाला. नुसतं सिलिकॉन लावाल तर दोन पावसाळ्यांत फळी परत कुजायला लागेल.

पेट्रोलची नळी मोठ्या इंजिनाला पुरली पाहिजे. ६० एचपीला आतून पाऊण ते एक सेंटिमीटर. पूर्ण थ्रॉटलला फोर-स्ट्रोक दर एचपीला ताशी साधारण ०.३८ लिटर पितं, म्हणजे ६० ला २३ लिटर. पन्नास लिटरमध्ये किती वेळ, हा हिशोब लांब जाण्याआधी करा. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावाच. पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं, आणि बऱ्याच आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के आहे. इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषतं, मग ते पाण्यासकट टाकीच्या तळाशी वेगळं होऊन बसतं. पावसाळ्यात बोट बंद असताना टाकीत हे पेट्रोल ठेवू नका. केरोसिनवर चालणारं जुनं इंजिन काढत असाल तर टाकी आणि नळ्या नव्याच घ्या.

इंजिन बदललं की कागदही बदलायचे. नोंदणीवर इंजिनाचा नंबर आणि एचपी असतो. महाराष्ट्रात मासेमारीच्या बोटीसाठी मत्स्यव्यवसाय विभाग, प्रवासी आणि जलक्रीडेच्या बोटीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळ, गोव्यात प्रवासी बोटीसाठी कॅप्टन ऑफ पोर्ट्स. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

पहिली चाचणी प्रवासी घेऊन करायची नाही आणि वर्दळीच्या पाण्यात तर मुळीच नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट ताब्याबाहेर जाऊन ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. मोकळं पाणी निवडा, लाइफ जॅकेट घाला, किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवा. धक्क्यालाच पुढचा-मागचा गिअर, स्टिअरिंगची दोन्ही टोकं आणि किल स्विच तपासून घ्या. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बाहेर येतेय का बघा, मगच दोर सोडा.

रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवणं, साधारण असं: पहिला तास २००० आरपीएमच्या आत, दुसरा तास ३००० पर्यंत, पुढचे आठ तास कुठलाही वेग चालेल पण सलग पाच मिनिटांहून जास्त पूर्ण थ्रॉटल नको. टू-स्ट्रोकला या काळात ऑइलचं प्रमाण जास्त लागतं, किती ते मॅन्युअलमध्ये. पंख्याची वर सांगितलेली आरपीएम चाचणी या दहा तासांनंतरच करा, कारण नवं इंजिन मोकळं व्हायच्या आधीचा आकडा फसवतो.

वीस तासांनी पहिली सर्व्हिस. त्यात इंजिन ऑइलसोबत गिअर ऑइलही काढा आणि रंग बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. इंजिन नवं असूनही असं झालं तर आधी पंखा काढून मागे बघा. बहुतेकदा शाफ्टला गुंडाळलेली नायलॉनची तंगूस (गळाचा दोरा) सापडते, जिने सील कापलेला असतो. तंगूस काढून, सील बदलून, नवं तेल भरून दहा तासांनी पुन्हा एकदा रंग तपासा.